एकतीस टाक्यांची शाल

शाल विणायची म्हटली की दोन-अडीचशे टाके सुईवर घालायचे आणि पुढचे कित्येक महिने तेच टाके मागेपुढे फिरवत बसायचं, असं बहुतेकांना वाटतं. ते अगदी खोटंही नाही. शंभराव्या ओळीला पोहोचल्यावर साठाव्या ओळीत निसटलेला टाका दिसतो आणि हातभर वीण उसवावी लागते. काम वाढत जातं तसं त्याचं गाठोडं होतं. ते लोकलच्या गर्दीत नेता येत नाही आणि मार्च उजाडला की मांडीवर ठेववत नाही. हौसेनं सुरू झालेल्या कितीतरी शाली अशाच कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतात.

या अडचणीवर विणकाम करणाऱ्यांनीच एक उपाय शोधला आणि युरोप-अमेरिकेत तो चांगला रुळला. शाल सलग विणायचीच नाही. तळहातावर मावेल असा एक चौकोन विणायचा. तो संपला की त्याच्याच कडेवरून टाके उचलून दुसरा सुरू करायचा, दुसऱ्याच्या कडेवरून तिसरा. प्रत्येक चौकोनाचा रंग वेगळा ठेवता येतो, हवं तर एकाच चौकोनात दोन रंगांचे पट्टे घेता येतात. तयार झालेली शाल दिसायला तुकड्यातुकड्यांची असते, पण उलटून पाहिली तरी तिच्यात शिवण सापडत नाही. आपल्या गोधडीत कापडाचे तुकडे आधी कापतात, मग मांडतात आणि मग धाव घालून जोडतात. इथे कापणंही नाही आणि जोडणंही नाही, कारण पुढचा तुकडा आधीच्या तुकड्यातूनच निघतो.

या पद्धतीला मॉड्युलर निटिंग म्हणतात. डोमिनो निटिंग आणि पॅचवर्क निटिंग ही तिचीच नावं. तिचं सगळं गुपित पहिल्या चौकोनात आहे.

चौकोनाचा हिशोब

मध्यम जाडीची लोकर, जिला दुकानदार डबल निटिंग म्हणतात, आणि चार मिलिमीटर जाडीच्या दोन सुया एवढं साहित्य पुरतं. सुईवर 31 टाके घालायचे. त्यातला सोळावा टाका मधला, त्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा. मागच्या बाजूची पहिली ओळ सरळ सुलट विणून काढायची. मग पुढच्या बाजूनं 14 टाके विणायचे, मधल्या तीन टाक्यांचा मिळून एक करायचा आणि राहिलेले 14 विणायचे. 31 चे 29 झाले. मागची ओळ पुन्हा साधी, फक्त मधला टाका उलट घ्यायचा म्हणजे समोरून त्याची रेघ ठसठशीत दिसते. पुढच्या ओळीत 29 चे 27, मग 25, मग 23. शेवटी सुईवर तीन टाके उरतात, त्यांचा एक होतो आणि चौकोन पुरा होतो.

पाहणाऱ्याला नवल वाटतं ते यानंतर. सुरुवातीला सुईवर असलेली सरळ रेघ हळूहळू मधोमध वाकते, तिचा काटकोन होतो, आणि त्या काटकोनाच्या दोन बाजू म्हणजेच चौकोनाच्या दोन बाजू ठरतात. जिथे दर खेपेला तीन टाके एकत्र केले तिथे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण उमटतो. रंगांचे पट्टे या कर्णावर येऊन काटकोनात वळतात. संपूर्ण शालीला जी भौमितिक नजाकत येते ती या एका वळणामुळे.

पण हा आकार नेमका चौकोनच का होतो, पतंगासारखा लांबट का होत नाही? उत्तर टाक्याच्या मापात आहे. दोन्ही बाजूंनी सुलट विणत गेलं की कापडावर आडवे कंगोरे उठतात. याला गार्टर वीण म्हणतात. दोन ओळी मिळून एक कंगोरा होतो, आणि त्या एका कंगोऱ्याची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढी असते. म्हणजे पंधरा टाक्यांची रुंदी आणि पंधरा कंगोऱ्यांची उंची जवळजवळ सारखी भरते. स्वेटरला वापरतात ती एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी साधी वीण घेतली तर हे गणित बिघडतं, कारण तिथे दहा सेंटीमीटरमध्ये साधारण 22 टाके असले तर ओळी 28 ते 30 भरतात. म्हणून मॉड्युलर विणकामाचा पाया जवळजवळ नेहमी गार्टर विणीचाच असतो. ती वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि कडेला गुंडाळली जात नाही, हे शालीच्या दृष्टीनं आणखी दोन फायदे.

शाळेतलं एक गणितही या चौकोनात लपलेलं आहे. पहिल्या कंगोऱ्यात 31 टाके, दुसऱ्यात 29, तिसऱ्यात 27 आणि शेवटी एक. 1 पासून 31 पर्यंतच्या सगळ्या विषम संख्यांची बेरीज 256 येते, म्हणजे 16 गुणिले 16. ओळीनं येणाऱ्या विषम संख्या 1 पासून मिळवत गेलं की दर वेळी पूर्ण वर्ग मिळतो. प्राचीन ग्रीक गणितज्ञ हीच गोष्ट खडे मांडून दाखवत: एका खड्याभोवती काटकोनात तीन खडे, त्याभोवती पाच, मग सात. सुईवरचा चौकोन त्याच क्रमानं, फक्त बाहेरून आत, भरत जातो.

दुसरा चौकोन, मग तिसरा

पहिला चौकोन संपताना सुईवर राहिलेला शेवटचा टाका तोडायची गरज नसते. पुढचा चौकोन त्याच्यापासून सुरू करता येतो. शेजारच्या कडेवरून 15 टाके उचलायचे, एक टाका कोपऱ्याचा धरायचा आणि उरलेले 15 नव्यानं घालायचे. पुन्हा 31. शालीची पहिली रांग अशी पुरी झाली की दुसऱ्या रांगेतल्या बहुतेक चौकोनांना खाली एक आणि बाजूला एक असे दोन शेजारी मिळतात. मग 15 टाके एका कडेवरून, एक कोपऱ्यातून आणि 15 दुसऱ्या कडेवरून उचलले की झालं. नवे टाके घालावेच लागत नाहीत.

हे उचलणं सोपं व्हावं म्हणून कडेची काळजी पहिल्यापासून घ्यावी लागते. ओळीतला पहिला टाका न विणता तसाच उजव्या सुईवर घ्यायचा आणि शेवटचा टाका उलट विणायचा. असं केलं की कडेला साखळीसारखे मोठे, मोकळे टाके तयार होतात आणि दर कंगोऱ्याला एक साखळी पडते. पंधरा कंगोरे, पंधरा साखळ्या, पंधरा टाके. मोजायला चूक होतच नाही, आणि झालीच तर ती त्या एका चौकोनापुरती राहते. फार तर पाव तासाचं काम उसवावं लागतं, पाव शालीचं नाही.

चौकोन कोणत्या दिशेनं फिरवून जोडला यावर नक्षी ठरते. सगळ्या चौकोनांचे कर्ण एकाच दिशेला ठेवले तर शालीवर तिरप्या रेघा धावतात. एकाआड एक रांगेत दिशा बदलली तर नागमोडी वळणं येतात. चार चौकोन असे मांडले की त्यांचे शेवटचे टाके मध्यभागी एकत्र येतील, तर एकात एक बसलेले चौरस दिसतात. सगळी मांडणी 45 अंशांत वळवली की चौरसांचे शंकरपाळे होतात. मग कडा सरळ करायला अर्ध्या चौकोनाएवढे काटकोन त्रिकोण लागतात. तेही अवघड नाहीत: दर कंगोऱ्याला एकाच टोकाला एक टाका कमी करत गेलं की काटकोन त्रिकोण आपोआप होतो. समभुज त्रिकोण मात्र डोकं खातो. त्याची उंची पायाच्या सुमारे 0.87 पट असते, त्यामुळे कमी करण्याचा हिशोब पूर्ण आकड्यांत बसत नाही आणि कुठेकुठे एखादा जास्तीचा टाका कमी करावा लागतो. नवख्यांनी चौकोनापासूनच सुरुवात करावी असं जाणकार सांगतात ते यामुळे.

पेटंट घेणारी कवयित्री आणि बर्लिनचे शुल्झ

तुकड्यातुकड्यांनी विणण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या पत्रिकेत 1885 मध्ये क्रोशाच्या रंगीत चौकोनांची कृती छापून आली होती. आज घरोघरी ओळखला जाणारा ग्रॅनी स्क्वेअर त्याच कुळातला. उत्तर युरोपात आंत्रलाक नावाची वीण चालत आली आहे. तिच्यात तिरपे चौकोन एकमेकांच्या कडेवरून उचलले जातात आणि कापड टोपलीच्या विणीसारखं दिसतं. फिनलंडमध्ये तर तिला बर्च झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी विणलेल्या पाठपिशवीवरून नाव पडलं आहे.

पण भूमितीला पाया मानून संपूर्ण पद्धत उभी करण्याचं काम एका अमेरिकी बाईनं केलं. व्हर्जिनिया वूड्स बेलामी हे तिचं नाव. ती कविता लिहायची. विणकामाच्या छापील कृतींमधली टाक्यांची लांबलचक यादी तिला नको होती. तिनं आलेखाच्या कागदावर चौकोन, आयत आणि त्रिकोण काढले, प्रत्येक आकाराला एक संख्या दिली आणि ते आकार गार्टर विणीत एकापुढे एक विणून पोशाख तयार केले. शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळ्या दिशांनी विणल्यामुळे कापड सगळीकडून ताणलं जातं. बारीक लोकर आणि जाड सुया वापरल्यामुळे ते हलकंही होतं. या पद्धतीचं पेटंट तिनं 1948 मध्ये मिळवलं आणि 1952 मध्ये 'नंबर निटिंग' हे पुस्तक न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध केलं. शाली, जाकिटं, लहान मुलांची पांघरुणं असं बरंच काही त्यात होतं. पुस्तकाचा मात्र फारसा बोलबाला झाला नाही आणि पुढे ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतच सापडू लागलं.

चौकोनांना खरी लोकप्रियता मिळवून दिली ती बर्लिनच्या होर्स्ट शुल्झ यांनी. शुल्झ रंगांचे शौकीन होते. त्यांचे स्वेटर आणि जाकिटं म्हणजे शेकडो छोट्या तुकड्यांची गजबज असे, आणि त्यातला प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या कडेवरून निघालेला. 1990 च्या दशकात त्यांची पुस्तकं आली आणि शिबिरं गाजली. त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी एक म्हणजे डेन्मार्कच्या विव्हियन ह्योक्सब्रो. त्यांनी या पद्धतीला सोपं, शिस्तशीर रूप दिलं. सोंगट्या टोकाला टोक लावून मांडायच्या डोमिनोच्या खेळावरून तिचं नाव ठेवलं, आणि त्यांचं 'डोमिनो निटिंग' हे पुस्तक 2002 मध्ये इंग्रजीत आलं. आज इंग्रजी बोलणाऱ्या जगात हा चौकोन घराघरांत पोहोचला आहे, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत आणखी एक धागा जोडला गेला. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची आफ्रिकी-अमेरिकी वस्ती आहे. तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या रजया शिवत आल्या. 2002 मध्ये त्या रजयांचं प्रदर्शन ह्यूस्टनला आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलं आणि आधुनिक चित्रकलेच्या तोडीचं काम म्हणून कलासमीक्षकांनी त्यांची वाखाणणी केली. के गार्डिनर आणि अ‍ॅन शेन या दोन विणकाम लेखिकांनी 2006 मधल्या आपल्या 'मेसन-डिक्सन निटिंग' या पुस्तकात रजईची तीच रचना सुईवर आणली. मध्ये एक चौकोन, त्याच्या एका कडेवर पट्टा, मग काटकोनात वळून पुढच्या कडेवर दुसरा पट्टा, असं बाहेरबाहेर वाढत जायचं. यातही शिवण नाही आणि कृती लक्षात ठेवायला कागदही लागत नाही.

भिंतीवर टांगलेला पाढा

चौकोनांच्या विणकामात गणिताचे शिक्षक रमले नसते तरच नवल. इंग्लंडमधले पॅट अ‍ॅशफर्थ आणि स्टीव्ह प्लमर हे जोडपं गणित शिकवायचं. त्यांनी 'वुली थॉट्स' या नावानं भौमितिक पांघरुणांची मोठी मालिकाच विणली. त्यांचं एक पांघरूण 1 ते 100 या संख्यांचं आहे. दहा रांगा, प्रत्येक रांगेत दहा चौकोन. 1 ते 10 या प्रत्येक अंकाला एक रंग दिलेला आणि प्रत्येक चौकोनात त्या संख्येला भाग जाणाऱ्या अंकांचे रंग विणलेले. पोरांना पाढे पाठ करायला लावण्याऐवजी शिक्षक त्यांना त्या पांघरुणासमोर उभं करतात. दोनाचा रंग एकाआड एक रकान्यात उभा उतरतो, पाचाचा फक्त दोन रकान्यांत दिसतो, नवाचा कर्णासारखा तिरपा जातो. 11 पासून पुढच्या मूळ संख्यांच्या चौकोनात एकाच्या रंगाशिवाय काहीच नसतं, त्यामुळे त्या चटकन ओळखू येतात.

वीण शिकवण्यासाठीही चौकोनाचा असाच उपयोग झाला आहे. अमेरिकेच्या बार्बरा वॉकर यांनी 1974 मध्ये नवशिक्यांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात 63 चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनात एक नवी वीण. अगदी साध्या सुलट टाक्यापासून सुरुवात होते, पुढे जाळी येते, पीळ येतात, दोन रंगांची नक्षी येते. शेवटचा चौकोन संपला की शिकणारीच्या हातात एक पांघरूण असतं आणि विणकामाचा अख्खा अभ्यासक्रमही पुरा झालेला असतो. इथले चौकोन मात्र सुटे विणून नंतर जोडायचे आहेत.

शेजारचा रंग

तंत्र आठवडाभरात हातात बसतं. खरा कस लागतो तो रंगांत. दुकानात सुंदर दिसलेली पिवळी लोकर शालीत का मळकट दिसते आणि न आवडलेला करडा का खुलतो, याचं उत्तर फ्रान्सच्या एका रसायनशास्त्रज्ञानं पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी दिलं आहे. मिशेल शेव्ह्रल हे पॅरिसच्या गोबलँ या राजेशाही गालिचा कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख होते. तिथले विणकर तक्रार करत की काळा धागा पुरेसा काळा येत नाही. शेव्ह्रल यांनी तपासणी केली तेव्हा रंग उत्तम निघाला. दोष शेजाराचा होता. काळ्याच्या बाजूला गडद निळा किंवा जांभळा आला की तो फिका वाटायचा. प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो, हा नियम त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपानं मांडला. पुढच्या काळातल्या चित्रकारांनी त्यातून बरंच काही उचललं, पण तो सापडला होता धाग्यांमध्ये.

विणकामात रंगांची भीड मोडणारा माणूस म्हणजे केफ फॅसेट. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले फॅसेट 1964 मध्ये इंग्लंडला आले ते चित्रकार म्हणून. स्कॉटलंडमधल्या एका गिरणीत लोकरीचे रंग पाहून त्यांनी ढीगभर गुंडे घेतले आणि परतीच्या रेल्वेप्रवासात एका सहप्रवासी बाईकडून विणायला शिकले. दोन-तीन रंगांत समाधान मानायचं नाही, एकाच छटेचे दहा-बारा भाऊबंद शेजारी बसवायचे, ही त्यांची रीत. 1988 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. हयात असलेल्या एखाद्या वस्त्रकलावंताचं तिथलं ते पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन होतं.

घरी विणणाऱ्यांसाठी यातून दोन-तीन सोप्या युक्त्या निघतात. निवडलेले गुंडे एका रांगेत ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. सगळे एकाच करड्या छटेचे दिसले तर रंग कितीही वेगळे असोत, शाल सपाट दिसणार. फोटोत गडद, मध्यम आणि फिका अशा तिन्ही पायऱ्या दिसल्या पाहिजेत. प्रत्येक चौकोनाची पहिली दोन ओळींची पट्टी एकाच रंगात घेतली, उदाहरणार्थ काळ्या किंवा मोतिया रंगात, तर बाकीचे रंग कितीही भांडले तरी शाल एकसंध दिसते. रंग बदलायचा तो नेहमी समोरच्या बाजूनं. मग पुढून रेघ स्वच्छ येते आणि तुटक ठिपके मागे जातात.

जपानच्या नोरो कंपनीच्या लोकरीसारखे, लांबीभर हळूहळू रंग बदलणारे धागे मिळतात. त्यांच्याशी हे तंत्र फार छान जमतं. एकाच गुंड्यातून विणलेले चार चौकोन चार वेगळ्या रंगांचे निघतात आणि सारखा धागा बदलावा लागत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहणारे अमेरिकी विणकाम-रचनाकार स्टीव्हन वेस्ट यांच्या भडक रंगांच्या, कोनाकोनांच्या शालींनी तर तरुण मुलामुलींनाही सुया हातात घ्यायला लावल्या.

अनेक हातांचा चौकोन

एकेक तुकडा वेगळा असल्याचा एक मोठा सामाजिक फायदाही आहे. एकाच कामात अनेकांना हात घालता येतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एव्ही रोझेन या लोकरीच्या दुकानदार बाईंनी 1991 मध्ये 'वॉर्म अप अमेरिका' हा उपक्रम सुरू केला. कुणीही 7 इंच रुंद आणि 9 इंच लांब असा एक तुकडा विणून पाठवायचा. असे 49 तुकडे, सात गुणिले सात, जोडले की 49 इंच रुंद आणि 63 इंच लांब पांघरूण होतं आणि ते गरजू कुटुंबाला जातं. ज्याला अख्खं पांघरूण विणायला वेळ नाही, त्यालाही एक तुकडा जमतो. दक्षिण आफ्रिकेतल्या अनाथ मुलांसाठी 'निट-अ-स्क्वेअर' ही संस्था याच रीतीनं 20 सेंटीमीटरचे चौकोन जगभरातून मागवते.

भारतात याचं सगळ्यात मोठं उदाहरण चेन्नईचं आहे, फक्त तिथे सुयांऐवजी क्रोशा होता. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटानं ठिकठिकाणच्या बायकांकडून चौकोन करून घेतले, ते जोडले आणि 31 जानेवारी 2016 रोजी 11,148.5 चौरस मीटरचं पांघरूण अंथरून गिनेस विक्रम केला. इतकं मोठं कापड एका जागी बसून विणणं कुणालाच शक्य नव्हतं. सुट्या चौकोनांमुळे ते घरोघरी, स्वयंपाक आणि नोकऱ्या सांभाळून तयार झालं.

आपल्याकडे विणायची झाली तर

महाराष्ट्रातली थंडी दोन-अडीच महिन्यांची, कोकणात तर तीही नाही. म्हणून लोकर निवडताना आधी शाल कुठे वापरणार ते ठरवावं. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरसाठी किंवा परदेशी थंडीत राहणाऱ्या लेकीसाठी असेल तर शुद्ध लोकर किंवा लोकर-अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण चांगलं. रत्नागिरी, गोवा किंवा मुंबईतल्या वातानुकूलित कार्यालयात खांद्यावर टाकायची असेल तर सुती धागा बरा. मात्र सूत जड असतं आणि गार्टर वीण लवचीक, त्यामुळे सुती शाल वापरून लांबते. ती अर्धी वीत आखूडच ठेवावी. लुधियानाच्या गिरण्यांची अ‍ॅक्रिलिक लोकर सगळीकडे आणि स्वस्तात मिळते. सरावाला ती उत्तम आहे. पण शुद्ध लोकर ओली करून, टाचण्या लावून वाळवली की चौकोन नीट ताणून बसतात, अ‍ॅक्रिलिक तसं ऐकत नाही. त्याला दुरून हलकी वाफ द्यावी लागते, आणि इस्त्री टेकली तर ते कायमचं लुळं पडतं.

आता हिशोब. 31 टाक्यांचा चौकोन साधारण साडेसात सेंटीमीटरचा होतो. सहा चौकोन रुंद आणि चोवीस चौकोन लांब अशी शाल धरली तर 144 चौकोन लागतात आणि शाल 45 सेंटीमीटर रुंद, 180 सेंटीमीटर लांब होते. प्रत्येक चौकोनात 256 टाके, आणि कंगोऱ्यासाठी प्रत्येक टाका दोनदा विणायचा, म्हणजे पूर्ण शालीत 73 हजारांहून अधिक टाके. आकडा घाबरवणारा वाटेल, पण एका वेळी सुईवर 31 पेक्षा जास्त कधीच नसतात. लोकर अर्धा किलोच्या आसपास लागते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पहिला चौकोन तोलून पाहिला, बहुधा तो साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरेल, की घरातल्या उरल्यासुरल्या गुंड्यांतून किती चौकोन निघतील ते सांगता येतं. जुना स्वेटर उसवून काढलेली लोकरही चालते. तिची लडी करून, धुऊन, वजन लावून वाळवली की धाग्यातले पीळ सुटतात.

एक कटकट मात्र खरीच आहे, ती म्हणजे धाग्यांची टोकं. प्रत्येक चौकोनाला नवा रंग घेतला तर 144 चौकोनांची 288 टोकं लोंबतात, आणि ती शेवटी ओवायला ठेवणाऱ्यांच्या शाली परत त्याच वरच्या फळीवर जातात. टोक नवा चौकोन सुरू करतानाच पहिल्या सात-आठ टाक्यांबरोबर विणून टाकावं किंवा तो चौकोन संपताच सुईनं ओवून कापावं. गडद लाल, निळा आणि काळा धागा वापरण्याआधी त्याचा वीतभर तुकडा पांढऱ्या फडक्यावर ओला करून पाहावा. रंग सुटणारा धागा शालीत आला तर शेजारचे चार चौकोन खराब करतो.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी लगेच अर्धा किलो लोकर आणू नये. घरातले दोन रंग घ्यावेत आणि चारच चौकोन विणावेत: पहिला नवे टाके घालून, दुसरा त्याच्या बाजूला, तिसरा पहिल्याच्या वर आणि चौथा दोन्ही कडांवरून टाके उचलून. संपूर्ण शालीत पाचव्या प्रकारचा चौकोन लागत नाही. चार झाल्यावर मोजपट्टी लावावी. बाजू सारख्या भरल्या तर तीच सुई ठेवावी, वीण घट्ट झाली असेल तर एक नंबर जाड सुई घ्यावी, आणि मग लोकरीच्या दुकानाकडे वळावं.